विश्लेषण : भांडी सांधणाऱ्या कैद्याचे पुस्तक घराघरांत कसे पोहोचले? कोण होते जॉन बन्यन?

ख्रिस्ती कुटुंबांत एकत्र बसून वाचण्याच्या पुस्तकांचा विषय निघाला, की बायबलनंतर ‘द पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’चे नाव हमखास येते. २००हून अधिक भाषांत गेलेल्या या पुस्तकाचे लेखक जॉन बन्यन विद्यापीठात शिकलेले नव्हते. फुटक्या भांड्यांना डाख देणे हा त्यांचा धंदा. आयुष्याची १२ वर्षे त्यांनी तुरुंगात काढली, तीही एक साधे वचन देण्यास नकार दिल्यामुळे.

हुंडा म्हणून दोन पुस्तके

बन्यन यांचा जन्म १६२८ मध्ये इंग्लंडमधील बेडफर्डजवळच्या एल्स्टो गावी झाला. वडील गावोगाव फिरून भांडी दुरुस्त करत. शाळा जेमतेम लिहिता-वाचता येण्यापुरती झाली. १६४४ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आतबाहेर, महिन्याभराच्या अंतराने आई आणि बहीण दोघी गेल्या. त्याच वर्षी ते यादवी युद्धात संसदेच्या सैन्यात दाखल झाले.

सैन्यातून परतल्यावर लग्न झाले. घरात ताटवाटीचीही चणचण होती. पत्नीने माहेरून आणली ती दोन धार्मिक पुस्तके. एक आर्थर डेंट यांचे, दुसरे लुईस बेली यांचे. नवरा-बायकोने ती एकत्र वाचली आणि बन्यन यांचे मन धर्माकडे वळू लागले, असे त्यांच्याच आत्मकथनावरून दिसते. पुढे कित्येक वर्षे आपल्याला क्षमा मिळेल की नाही, या धास्तीने त्यांना ग्रासले होते. अखेर बेडफर्डमधील जॉन गिफर्ड यांच्या मंडळीत त्यांना आधार मिळाला आणि ते स्वतःही प्रवचने करू लागले.

तुरुंगवास कशासाठी?

१६६० मध्ये राजा दुसरा चार्ल्स गादीवर आला. त्यानंतर अधिकृत चर्चबाहेर सभा भरवून प्रवचन करणाऱ्यांवर जुन्या कायद्यांचा बडगा उगारला गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एका शेतघरातील सभेत बन्यन यांना अटक झाली. अटक होणार याची कुणकुण त्यांना आधीच लागली होती. तरीही ते गेले.

सुटकेची अट सोपी होती : यापुढे प्रवचन करणार नाही, एवढेच कबूल करायचे. त्यांनी ते केले नाही. तीन महिन्यांची शिक्षा लांबत १२ वर्षांवर गेली.

घरच्यांनी काय सोसले?

या निर्णयाची खरी किंमत घराने मोजली. पहिली पत्नी आधीच वारली होती. मागे चार मुले, त्यांतली थोरली मेरी जन्मांध. दुसरी पत्नी एलिझाबेथ तेव्हा गरोदर होती. अटकेच्या धक्क्याने तिची अवेळी प्रसूती झाली आणि बाळ वाचले नाही.

तरी ती खचली नाही. अर्ज घेऊन लंडनला गेली. १६६१ मध्ये बेडफर्डला न्यायाधीश आले तेव्हा त्यांच्यापुढे उभी राहून नवऱ्याची बाजू मांडली. मॅथ्यू हेल या न्यायाधीशांना तिची दया आली. पण सुटका झाली नाही. बन्यन तुरुंगात बुटांच्या नाड्यांना धातूची टोके बसवत आणि त्या विकून घरी चार पैसे पाठवत. आंधळ्या लेकीची काळजी त्यांना सर्वाधिक जाळत असे. ही घालमेल त्यांनी १६६६ च्या आत्मकथनात लपवलेली नाही.

पुस्तकात असे काय आहे?

१६७२ मध्ये राजाने धार्मिक सवलतीचा जाहीरनामा काढला आणि बन्यन सुटले. पुढे काही महिने पुन्हा कैद झाली. १६७८ मध्ये ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ प्रसिद्ध झाले; त्याचा बराच भाग तुरुंगात लिहिला गेला असे मानतात.

कथा साधी आहे. पाठीवर पापाचे ओझे घेतलेला ख्रिस्ती नावाचा माणूस विनाशनगर सोडून स्वर्गनगराकडे निघतो. वाटेत निराशेची दलदल लागते, दिखाऊपणाचा बाजार लागतो, संशयाच्या किल्ल्यातला राक्षस त्याला कोंडतो. मुलांना त्यात साहसकथा मिळते, मोठ्यांना स्वतःच्या मनातली भीती ओळखू येते. भाषा बाजारहाटातली असल्याने वाचता न येणारेही ऐकून समजत.

पहिल्या भागात नायक बायको-मुलांना मागे ठेवून जातो. १६८४ च्या दुसऱ्या भागात बन्यन यांनी त्याच बायको-मुलांना त्या वाटेवर आणले आणि एकट्याचा प्रवास कुटुंबाचा झाला. अमेरिकेत १८६८ च्या ‘लिटल विमेन’ कादंबरीतल्या बहिणी या यात्रेचाच खेळ खेळतात.

आज वाचताना एक गोष्ट खटकते. कॅथलिक पंथ आणि ख्रिस्तेतर धर्म यांना पुस्तकात राक्षसांचे रूप दिले आहे. मुलांसोबत वाचताना त्या काळच्या धर्मसंघर्षाची पार्श्वभूमी सांगणे बरे.

मराठीशी नाते काय?

हरि केशवजी यांनी १८४१ मध्ये ‘यात्रिकक्रमण’ या नावाने हे पुस्तक मराठीत आणले. मराठीत कादंबरी रुजण्याआधीची ही गोष्ट. १८५७ मध्ये बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ आले. अनेक अभ्यासक त्याला मराठीतील पहिली कादंबरी मानतात. तिचीही मांडणी प्रवासाची आहे. मात्र तिथे दिसतात त्या आपल्याकडच्या विधवांच्या यातना.

अखेर कशी झाली?

ऑगस्ट १६८८ मध्ये बन्यन घोड्यावरून रेडिंगला गेले, ते एका बाप-लेकाचे भांडण मिटवायला. तिथून लंडनला जाताना पावसात चिंब भिजले, ताप भरला आणि ३१ ऑगस्टला वयाच्या ५९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. लंडनच्या बनहिल फील्ड्समध्ये त्यांची कबर आहे. तत्त्वासाठी स्वतःच्या घरापासून १२ वर्षे दूर राहिलेल्या या माणसाच्या अखेरच्या कामांपैकी एक दुसऱ्याचे घर सांधण्याचे होते.