पाऊस मोजणारी बाई

आमच्या प्रकाशाला तापीला पूर किती आला हे घाटाच्या पायऱ्या सांगतात. अमुक पायरी बुडाली म्हटलं की अख्ख्या गावाला समजतं. सासूबाई अजून 1968 चा पूर सांगतात. मला आठवतो तो 2006 चा, खाली सुरत बुडालं तेव्हाचा. पुराला पायऱ्या आहेत, पण शेतात पडलेल्या पावसाचं काय? तो किती पडला हे कोण सांगणार?

हा प्रश्न मला पडला आमच्या बचत गटातल्या एका ताईंमुळे. दोन पावसाळ्यांपूर्वी त्यांच्या शिवारात दोनेक तासांत असा काही पाऊस कोसळला की पपईची झाडं फळांसकट आडवी झाली. मदतीसाठी धावपळ केली, तर कळलं की यादीत नाव नाही. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला तर अतिवृष्टी धरतात, आणि मंडळाच्या पर्जन्यमापकात आकडा कमी होता. मी ताईंबरोबर ते यंत्र बघायला गेले. त्याच्या अगदी शेजारी एक झाड वाढलेलं, फांद्या थेट यंत्रावर आलेल्या. यंत्रात पडायचा पाऊस पानांवरच अडत असणार. आकडा कोणी मुद्दाम चुकवला नव्हता, पण तो बरोबरही नव्हता. ताईंचं वर्ष मात्र त्या आकड्यापायी गेलं.

तेव्हापासून मला अन्ना मणी फार आठवतात. गटात हे नाव घेतलं तर सगळ्यांना वाटलं, कोणी अण्णा असतील, पुढारी! नाही हो मैत्रिणींनो, ही बाई होती. आणि आपल्या देशातला पाऊस, ऊन, वारा नीट मोजला जावा म्हणून तिने आयुष्य घातलं.

अन्नाचा जन्म 23 ऑगस्ट 1918 चा, केरळातल्या पीरमेडचा. वडील इंजिनिअर, वेलदोड्याचे मळे, घरात आठ भावंडं, त्यात ही सातवी. खाऊनपिऊन सुखी घर. मुलगे शिकून मोठ्या हुद्द्यावर जायचे आणि मुलींनी चांगल्या घरी पडायचं, अशी तिथली रीत. मुलीच्या आठव्या वाढदिवसाला हिऱ्यांच्या कुड्या द्यायचा घरात रिवाज होता. अन्नाने कुड्या नको म्हटलं आणि त्याऐवजी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचे जाडजूड खंड मागून घेतले. आपल्यापैकी कितीजणींनी आठव्या वर्षी असं काही मागितलं असतं?

त्याच सुमाराला, 1925 साली, वायकोमच्या सत्याग्रहासाठी गांधीजी केरळात आले होते. देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून सगळ्या जातींच्या माणसांना जाता यावं, म्हणून तो सत्याग्रह. त्या दिवसांचा अन्नावर खोल परिणाम झाला. पुढे तिने खादी धरली ती आयुष्यभर.

मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून भौतिकशास्त्रात पदवी घेतली आणि 1940 मध्ये शिष्यवृत्तीवर त्या बंगलोरला गेल्या. तिथे सर सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत काम काय, तर हिरे आणि माणकं यांच्यातून जाणारा प्रकाश तपासायचा. कानात हिरे नको म्हणणारी मुलगी दिवसरात्र हिरेच बघत बसली! एकेक फोटो घ्यायला पंधरा-वीस तास लागायचे, मग रात्री प्रयोगशाळेतच झोप. मुलींनी मुलांशी फार बोलायचं नाही, असा तिथला दंडक होता. शिवाय बाईच्या हातून जरा चूक झाली की ती बाई म्हणूनच झाली, असं लगेच धरलं जायचं.

अशात त्यांनी पाच शोधनिबंध लिहिले आणि 1945 मध्ये पीएच.डी.चा प्रबंध मद्रास विद्यापीठाला दिला. विद्यापीठाने पदवी नाकारली. कारण काय, तर त्यांच्याकडे एम.एस्सी. नाही! काम समोर बांधलेलं पडलं आहे, पण आधीचा कागद नाही. सरकारी दारात खेटे घातलेल्या प्रत्येक बाईला हे ओळखीचं वाटेल. अन्नाबाईंनी त्यावरून रडारड केली नाही. पदवीवाचून आपलं काही अडलं, असं त्यांना कधी वाटलंच नाही.

त्याच वर्षी त्या सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला गेल्या. मनात भौतिकशास्त्र शिकायचं होतं, पण जागा मिळाली ती हवामानाच्या यंत्रांच्या शिक्षणाला. मिळालं ते घेतलं, आणि तेच आयुष्याचं काम झालं.

1948 मध्ये परत आल्या त्या थेट आपल्या पुण्यात, हवामान खात्यात. पुणेकर ज्याला सिमला ऑफिस म्हणतात, ते याच खात्याचं. देश नुकता स्वतंत्र झालेला. साधी साधी यंत्रंसुद्धा विलायतेहून यायची. ती इथेच बनवायची, असं खात्याने ठरवलं. अन्नाबाईंनी जवळजवळ शंभर यंत्रांचे आराखडे प्रमाणित करून घेतले आणि ती देशात तयार व्हायला लागली. 1953 मध्ये त्या विभागाच्या प्रमुख झाल्या. हाताखाली 121 माणसं, सगळे पुरुष.

त्यांचा एकच हट्ट असायचा. यंत्र नसलं तरी चालेल, पण चुकीचं यंत्र नको. आकडा नसेल तर माणूस निदान सावध तरी राहतो, चुकीच्या आकड्यावर मात्र डोळे मिटून विसंबतो. म्हणून प्रत्येक यंत्र पारखूनच बाहेर पाठवायचं. 1957-58 च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्ताने त्यांनी देशभर ऊन मोजणारी केंद्रं उभी केली. उंचावरच्या हवेतला ओझोन मोजायचं यंत्र आपल्या देशात तयार केलं. केरळात थुंबाला रॉकेट उडवायची तयारी सुरू झाली, तेव्हा तिथली हवामान वेधशाळा त्यांनीच उभारली.

1976 ला निवृत्त झाल्या त्या खात्याच्या उपमहासंचालक म्हणून. पण घरी बसल्या नाहीत. भारतात कुठे किती ऊन पडतं याचे जाडजूड ग्रंथ 1980 आणि 1981 मध्ये काढले. मग देशभर शेकडो ठिकाणी वारा मोजून घेतला. आपण साक्रीकडे जाताना ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या बघतो, शेतात सौर पंप बघतो. असं काही उभं करायचं तर आधी तिथला वारा, तिथलं ऊन कोणीतरी वर्षानुवर्षं मोजलेलं असावं लागतं.

त्यांनी लग्न केलं नाही. बाई असून एवढं केलं, असं कौतुक त्यांना आवडत नसे. 1994 मध्ये पक्षाघाताचा झटका आला, त्यातून त्या उठल्या नाहीत. 16 ऑगस्ट 2001 ला तिरुवनंतपुरमला गेल्या.

आता कोणी म्हणेल, यात हवामान बदलाचं काय? सांगते. पाऊस पूर्वीसारखा राहिला नाही, असं आपण सगळ्याच म्हणतो. आपल्या आज्याही म्हणायच्या. मग खरं कसं मानायचं? 2017 मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1950 ते 2015 पर्यंतच्या नोंदी तपासल्या. गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या पट्ट्यात एकदम कोसळणारा अतिजोरदार पाऊस या काळात तिपटीने वाढल्याचं त्यांना दिसलं. गंमत म्हणजे एकूण पाऊस वाढलेला नाही. हवा एक अंशाने तापली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त वाफ मावते. अरबी समुद्रही तापतो आहे. मग आभाळ बरेच दिवस कोरडं राहतं आणि एक दिवस घागर पालथी करावी तसं ओततं.

ताईंच्या शेतातला तो एक पाऊस हवामान बदलानेच आला, असं मी म्हणणार नाही. एका पावसावरून तसं कळत नाही. पण पासष्ट वर्षांच्या वह्या एकाखाली एक ठेवल्या की कळतं. त्या वह्याच चुकीच्या असत्या तर? आज जगात कोणी आपलं म्हणणं मानलं नसतं. कुठल्याशा आडगावात रोज सकाळी पर्जन्यमापक उघडून आकडा लिहिणाऱ्या माणसाची आणि त्याचं यंत्र पारखून देणाऱ्या बाईची किंमत इथे कळते.

आम्ही त्या झाडाबद्दल अर्ज दिला. चार खेपांनंतर फांद्या छाटल्या. ताईंच्या पपईचं नुकसान काही भरून निघालं नाही, पण पुढच्याचं तरी निघेल. शिवाय गटातल्या सहाजणींनी आपापल्या शेतात, झाडांपासून लांब, उघड्यावर, सरळ उभ्या कडांचा डबा ठेवला आहे. हवामान खात्यासारखं आम्हीही सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजतो, वहीत लिहितो आणि डबा रिकामा करतो. सरकारदरबारी ही वही चालत नाही, माहीत आहे. पण निदान तक्रार करायला जाताना हातात काही असेल.

वही ताईंची सातवीतली मुलगी लिहिते. मध्ये आठ दिवस पाऊसच नव्हता, तेव्हा तिने विचारलं, काकू, पाऊस नाही त्या दिवशी जागा कोरी सोडू का? म्हटलं, नाही बाळा, शून्य लिही. तेही मोजलेलंच असतं.