भाऊसाहेब बांदोडकर आणि कसणाऱ्याची भाकरी

शेतात पीक उभे असावे आणि ते पिकविणाऱ्याच्याच घरी चूल थंड असावी, यासारखे दुर्दैव दुसरे कोणते? आमच्या गोमंतकातील कित्येक घरांनी ते पिढ्यान्‌पिढ्या भोगले. ते हलके करण्यासाठी ज्यांनी राजसत्तेचा उपयोग केला, त्या दयानंद बाळकृष्ण बांदोडकर, म्हणजेच सर्वांच्या भाऊसाहेबांचे चरित्र आम्ही येथे संक्षेपाने सांगत आहोत.

भाऊसाहेबांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडणे येथे झाला. पोर्तुगीज अमदानीत त्यांनी खाणउद्योगात नाव व धन मिळविले. परंतु त्या धनाने त्यांना सामान्यांपासून दूर नेले नाही. दानशूर म्हणून त्यांची ख्याती सर्वत्र पसरली.

त्या काळची खेड्यांतील स्थिती कशी होती? आमच्या नार्वे गावाचेच उदाहरण घेऊ. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार केलेले श्रीसप्तकोटीश्वराचे मंदिर येथे आहे. जवळून मांडवी वाहते, पलीकडे दिवाडी बेट दिसते. अशा नदीकाठच्या प्रदेशात माती सुपीक, पावसाची कृपा मोठी. तरीही गोमंतकात जमिनीचा धनी भाटकार आणि राबणारा कूळ, हीच सर्वसाधारण रीत होती. खळ्यावर भात मोजले जाई, तेव्हा धन्याचा वाटा आधी निघे. उरल्यातून कर्ज फेडावे, बियाणे राखावे, आणि मग पोराबाळांच्या पोटाचा विचार करावा. आषाढ-श्रावणात कणगी रिकामी होई व पातळ पेजेवर दिवस काढावे लागत. गोमंतकात पिकणारा तांदूळ सर्वांना पुरत नसे. बाहेरून आणलेला तांदूळ ज्याच्या गाठीस पैसा त्यासच मिळे. तात्पर्य, भुकेचे मूळ केवळ धान्याच्या तुटवड्यात नव्हते; धान्यावर हक्क नसण्यात होते.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोमंतक मुक्त झाला. १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत बहुजन समाजाने महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षास विजयी केले आणि भाऊसाहेब पहिले मुख्यमंत्री झाले. १९६४ मध्ये कूळ कायदा संमत झाला. कुळास मनास येईल तेव्हा हुसकावून लावण्यास त्याने आळा घातला व खंडावर उत्पन्नाच्या एक षष्ठांशाची मर्यादा घातली. खेडोपाडी प्राथमिक शाळा निघाल्या. १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाचा त्यांचा पक्ष हरला, तरी त्याच वर्षी जनतेने त्यांच्याच हाती पुन्हा राज्य सोपविले. १९७१ मध्ये मुंडकारांना घरातून हुसकावण्यास प्रतिबंध करणारा कायदा आला. स्वतः धनिक असून त्यांनी निर्धनांची बाजू घेतली, हे त्यांचे मोठेपण होय.

१२ ऑगस्ट १९७३ रोजी भाऊसाहेबांचे निधन झाले. त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना, १९७६ मध्ये, कायद्यात दुरुस्ती होऊन कुळास जमिनीची मालकी मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. तथापि ज्यांचे कूळपण तोंडी होते, कागदावर नव्हते, अशा कित्येकांना कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. कायदा होणे ही अर्धीच वाट असते.

आज चित्र पालटले आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने स्वस्त धान्य हा गरजूंचा हक्क मानला. पण पोट भरणे आणि शरीराचे पोषण होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत गोव्यातील सुमारे एक तृतीयांश प्रौढांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले. केवळ श्रीमंतीचा रोग म्हणून लठ्ठपणाकडे पाहण्याचे दिवस गेले. मासळी, कडधान्ये, भाजी आणि फळे महाग. साखर, तेल व मैद्याचे पुड्यातील पदार्थ मात्र थोडक्या पैशांत दारी हजर. दिवसभर राबून आलेल्या गरीब मातेने मुलाच्या हाती असा पुडा दिला, तर दोष तिचा कसा मानावा? पूर्वी दारिद्र्याने देह सुकत असे. आता तेच दारिद्र्य कधी देह फुगविते, आणि आतून तो दुबळाच राहतो.

आणखी एक खंत आहे. ज्या शेतांवरील हक्कासाठी वडीलधारे झगडले, त्यांपैकी कित्येक आज पडीक आहेत. विद्यार्थी मित्रहो, भाऊसाहेबांच्या पुतळ्यास हार घालणे सोपे आहे. परंतु पिकविणाऱ्यास पीक लाभावे आणि प्रत्येक ताटात पोषक अन्न पडावे, हे कार्य अपुरे आहे. ते पुढे नेणे हेच त्यांचे खरे स्मरण ठरेल, असे आम्हांस वाटते.