रसायनशास्त्रज्ञ विल्यम झाइस

विद्वानांच्या श्रमाचे फळ त्यांच्या हयातीतच पदरी पडते असे नाही. कित्येकांनी लावलेल्या वृक्षाची फळे तिसऱ्या-चौथ्या पिढीने चाखली आहेत. अशाच एका पुरुषाचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहो.

विल्यम क्रिस्तोफर झाइस यांचा जन्म डेन्मार्क देशातील स्लागेल्से या गावी १५ ऑक्टोबर १७८९ रोजी झाला. वडिलांचा धंदा औषधे बनवून विकण्याचा. त्यामुळे खल, बत्ता व बाटल्या यांचा सहवास त्यांस बालपणापासूनच घडला. पुढे कोपनहेगन येथे विद्युच्चुंबकत्वाच्या शोधामुळे जगविख्यात झालेल्या ओर्स्टेड यांच्यासारखा गुरू लाभला. १८१७ साली झाइस यांनी डॉक्टर ही पदवी संपादन केली आणि १८२२ साली ते तेथील विद्यापीठात रसायनशास्त्राचे अध्यापक झाले.

त्याच सुमारास त्यांनी मद्यार्क, दाहक पोटॅश आणि कार्बन डायसल्फाइड नावाचा उग्र द्रव यांचा संयोग घडवून एक नवे लवण सिद्ध केले. तांब्याच्या क्षाराशी ते मिळताच पिवळा साका बसे. म्हणून पिवळा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी या वर्गास नाव दिले. आज त्यास झँथेट म्हणतात. पुढे प्लॅटिनमचे एक अपूर्व लवण व मर्केप्टन नामक दुर्गंधी द्रव्य यांचाही शोध त्यांनी लावला. १२ नोव्हेंबर १८४७ रोजी ते निवर्तले, तेव्हा झँथेटचा खाणीशी काही संबंध येईल हे कोणाच्या स्वप्नीही नव्हते.

१९२५ साली अमेरिकेत केलर यांना झँथेटच्या खनिजशुद्धीतील उपयोगाचे पेटंट मिळाले. खाणीतील दगड पिठासारखा दळून पाण्यात कालवितात, त्यात झँथेट घालून खालून हवा सोडतात. झँथेटच्या कणाचे गंधकाचे टोक धातूच्या खनिजास घट्ट धरते व दुसरे टोक पाण्यास दूर सारते. असे खनिज बुडबुड्यांस चिकटून फेसाबरोबर वर येते आणि निरुपयोगी माती तळाशी राहते. एक टन दगडास काही तोळे झँथेट पुरते.

यात हवेचे कार्य केवळ बुडबुड्यांपुरते नाही. हवेतील ऑक्सिजन खनिजाच्या पृष्ठभागी इलेक्ट्रॉन ओढून घेतो. त्यामुळे झँथेटचे दोन कण जोडले जाऊन डायझँथोजेन नावाचे तेलकट द्रव्य तयार होते. लोहमाक्षिकासारख्या खनिजावर हाच तेलकट थर बसून पाणी दूर राहते. परंतु हेच ऑक्सिडीकरण अति झाले, तर खुद्द खनिजावरच गंजासारखे पापुद्रे धरतात व ते तरंगत नाही. साठवणीतील झँथेटही हवा व ओल लागून बिघडते. सारांश, जो ऑक्सिजन प्रमाणात साहाय्य करतो, तोच अतिरेकाने घात करतो.

आमच्या चाकूरच्या काळ्या पाषाणात तांब्याची खाण नाही. तथापि गोंदियाच्या शेजारी, बालाघाट जिल्ह्यात मलाजखंड येथे तांब्याची मोठी खाण असून तेथील दगडातून ताम्रखनिज याच तरंगविण्याच्या रीतीने वेगळे काढतात. घरोघरच्या विजेच्या तारेत तांबेच असते.

विद्यार्थिमित्रहो, आज शिकलेल्या धड्याचा उपयोग काय, असा प्रश्न तुमच्या मनात वारंवार येतो, पालकांच्याही येतो. झाइस यांच्या पिवळ्या साक्यास त्याचे उत्तर मिळण्यास शंभर वर्षे लागली. ते पाहण्यास ते उरले नाहीत. पण त्यांनी आपले काम मात्र चोख करून ठेवले होते.