गोखल्यांना घडविणारे न्यायमूर्ती

नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे १८ जानेवारी १८४२ रोजी जन्मलेले महादेव गोविंद रानडे हे मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक. १८७१ मध्ये न्यायाधीश म्हणून ते पुण्यात आले आणि १८९३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. सरकारी नोकरीमुळे त्यांना उघडपणे राजकारण करता येत नव्हते. पदाची प्रतिष्ठा जपत स्वस्थ बसणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी मात्र माणसे घडविण्याचे व्रत घेतले.

या कार्याचा आरंभ त्यांच्या घरातच झाला होता. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असूनही, प्रथम पत्नीच्या निधनानंतर १८७३ मध्ये वडिलांच्या आग्रहापुढे नमून त्यांनी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी विवाह केला. त्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली आणि ती अनाठायी नव्हती. परंतु घरातील स्त्रियांचा विरोध असताना त्यांनी रमाबाईंना स्वतः शिकविले. याच रमाबाई पुढे पुण्याच्या सेवासदनाच्या आधारस्तंभ झाल्या.

१८८७ च्या सुमारास फर्ग्युसन महाविद्यालयातील एक तरुण प्राध्यापक त्यांच्याकडे येऊ लागला. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा एकवीस वर्षांचे होते, तर रानडे पंचेचाळीस वर्षांचे. रानड्यांनी त्यांच्यावर सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाची जबाबदारी सोपविली. सरकारी अहवाल आणि अंदाजपत्रके वाचावीत, आकडे ताडून पाहावेत, मग अर्जाचा मसुदा लिहावा आणि गुरूंच्या नजरेखालून गेल्यावर तो पुन्हा लिहावा, असा हा अभ्यासक्रम कित्येक वर्षे चालला.

एवढ्या परिश्रमाने पाठविलेल्या अर्जांना सरकारकडून अनेकदा दोन ओळींची पोच येई. गोखले खट्टू होत. तेव्हा रानडे त्यांना समजावीत की, हे अर्ज नावापुरते सरकारला असतात. खरे तर ते आपल्याच लोकांसाठी असतात, त्यांना विचार करण्याची सवय लागावी म्हणून.

या शिक्षणाची परीक्षा १८९७ मध्ये लंडनला झाली. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे गोखल्यांनी वयाच्या एकतिसाव्या वर्षी साक्ष दिली. तिच्या तयारीत रानडे आणि अर्थतज्ज्ञ गणेश व्यंकटेश जोशी यांचा मोठा वाटा होता. मात्र त्याच वर्षी, पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात सैनिकांनी केलेल्या अत्याचारांविषयी विलायतेत केलेले विधान सिद्ध करता न आल्याने गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. चहूकडून निंदा होत असताना रानड्यांनी शिष्याची साथ सोडली नाही. यशात पाठ थोपटणारे पुष्कळ असतात. अपयशात शेजारी उभा राहतो तोच खरा गुरू.

१६ जानेवारी १९०१ रोजी रानड्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी गोखल्यांनी केंद्रीय विधिमंडळात अंदाजपत्रकावर आपले पहिले गाजलेले भाषण केले. ते ऐकायला गुरू नव्हते. पण त्यांची शिकवण तेथे संपली नाही. १९०५ मध्ये गोखल्यांनी तरुण कार्यकर्ते तयार करण्यासाठी भारत सेवक समाज स्थापन केला आणि महात्मा गांधींनी त्यांनाच आपले राजकीय गुरू मानले.

रानड्यांचे निवाडे आज फारसे कोणाला आठवत नाहीत. एका होतकरू तरुणासाठी त्यांनी खर्च केलेला वेळ मात्र देशाच्या कामी आला.