ली शी-चेन : चीनचे थोर वैद्य

निकालाच्या दिवशी मान खाली घालून घरी जाणारी मुले आम्हा शिक्षकांना दरवर्षी दिसतात. तेव्हा मला हटकून ली शी-चेन आठवतात.

चीनच्या हुबेइ प्रांतातील चिचौ येथे १५१८ साली त्यांचा जन्म झाला. आजोबा गावोगाव फिरून औषधे देत, वडीलही वैद्य. परंतु त्या काळी वैद्यकीला फारसा मान नसे. खरा मान सरकारी परीक्षा देऊन अंमलदार होणाऱ्यांचा! मुलाने तेच करावे, ही वडिलांची इच्छा. चौदाव्या वर्षी मुलगा पहिली परीक्षा पास झाला. पुढे प्रांताच्या परीक्षेत मात्र एकदा नव्हे, तीनदा नापास झाला. मग तो वडिलांच्या हाताखाली वैद्यकी शिकू लागला.

रोग्यांना औषध देताना त्यांना जुन्या ग्रंथांतील घोटाळे दिसू लागले. एकाच वनस्पतीला अनेक नावे, तर एकाच नावाखाली भलत्याच वनस्पती. पारा खाऊन माणूस अमर होतो, असेही लिहिलेले! पारा हे विष आहे, हे ली यांनी निक्षून सांगितले. १५५२ साली त्यांनी सारे नव्याने तपासायला घेतले. आठशेच्या वर ग्रंथ वाचले. शिवाय शेतकरी, कोळी, लाकूडतोडे यांना विचारीत रानोमाळ हिंडले. खवले मांजर मुंग्या खाते असे वाचले, तर त्याचे पोट फाडून पाहिले. आत शेरभर मुंग्या निघाल्या! धोत्र्याच्या फुलाचा गुण तर मद्यातून घेऊन स्वतःवरच अजमावला. (हा प्रयोग कृपया कोणी करू नये.)

तीन वेळा मजकूर पुन्हा लिहून १५७८ साली 'पेन-त्साओ कांग-मू' हा ग्रंथ पुरा झाला. त्याचे ५२ भाग, १,८९२ औषधी द्रव्ये, त्यांपैकी ३७४ नवी, आणि ११ हजारांवर औषधपाठ. ऐकीव गोष्टीही त्यात शिरल्या आहेत, हे मान्य केले पाहिजे.

आता छापणार कोण? ली हस्तलिखित घेऊन १५८० साली वांग शी-चेन या नामवंत साहित्यिकाकडे प्रस्तावनेसाठी गेले. ती १५९० साली मिळाली! नानकिंगला छपाईचे काम चालू असताना १५९३ साली ली वारले. ग्रंथ १५९६ साली बाहेर पडला. त्यातील अकराशेच्या आसपास चित्रांसाठी मुलांनी व नातवांनी हातभार लावला होता. मुलाने तो बादशहाच्या दरबारी पाठविला, पण तेथे त्याची फारशी कदर झाली नाही. जपानात मात्र तो १६०७ सालीच पोचला, आणि २०११ साली युनेस्कोने त्याची नोंद जागतिक स्मृतिठेव्यात केली.