गुणाकाराचे ओझे उतरविणारा जॉन नेपियर

आम्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना लॉगॅरिदम हा शब्द ऐकला तरी धडकी भरते. पण तो ज्याने शोधला त्याचे चरित्र वाचले की भीतीची जागा कृतज्ञता घेते.

नेपियर १५५० साली एडिंबरोजवळ मर्किस्टन येथे जन्मला. तो प्राध्यापक नव्हे, जमीनदार. गणित हा त्याचा फावल्या वेळचा छंद. त्या काळी ज्योतिर्विदांचे आयुष्य लांबलचक गुणाकारांतच झिजे. ते वाचविण्यासाठी हा गृहस्थ सुमारे वीस वर्षे खपला आणि १६१४ साली त्याने आपली कोष्टके प्रसिद्ध केली.

आजच्या भाषेत युक्ती सोपी आहे. १०० हा दहाचा दुसरा घात, १००० हा तिसरा. त्यांचा गुणाकार १,००,००० हा पाचवा. म्हणजे गुणाकाराऐवजी घातांकांची बेरीज, भागाकाराऐवजी वजाबाकी. वर्गमूळ हवे तर घातांक निम्मा!

मात्र नेपियरच्या कोष्टकांत १ चा लॉगॅरिदम शून्य नव्हता. त्यामुळे नियम इतके सुटसुटीत नव्हते. १६१५ साली लंडनचे प्राध्यापक हेन्री ब्रिग्ज मुद्दाम त्याच्या भेटीस गेले. १ साठी शून्य आणि १० साठी १ घ्यावा, असे ठरले. प्रकृती ढासळलेल्या नेपियरने अभिमान न धरता ते काम ब्रिग्जकडे सोपविले. १६१७ साली तो वारला. ब्रिग्जचे मोठे कोष्टक १६२४ साली निघाले. ते त्याला पाहता आले नाही.

ठाकुर्लीच्या फलाटावर बारावीचा एखादा विद्यार्थी लॉगटेबल चाळताना दिसला, की मला त्या वीस वर्षांची आठवण होते.