उद्योगमहर्षी शेठ वालचंद हिराचंद

सोलापूरच्या भूमीने भारतीय उद्योगजगतास दिलेले अनमोल रत्न म्हणजे शेठ वालचंद हिराचंद दोशी. दि. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी एका प्रतिष्ठित दिगंबर जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ‘जैन बोधक’ या नियतकालिकाद्वारे समाजजागृतीचे कार्य करणारे शेठ हिराचंद नेमचंद हे त्यांचे पिताश्री. घरी कापसाचा व्यापार व सावकारीची पेढी होती. गादीवर बसून सुखाने आयुष्य घालविणे सहज शक्य होते. परंतु वालचंदांचे मन त्यात रमले नाही.

रेल्वेतील नोकरीचा अनुभव असलेले श्री. लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी करून त्यांनी रेल्वेची कंत्राटे घेण्यास प्रारंभ केला. बार्शी लाईट रेल्वेच्या कामापासून सुरू झालेला हा प्रवास पुढे बोरघाटातील बोगद्यांपर्यंत पोहोचला. सन १९२६ मध्ये स्थापन झालेली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी हे त्याचेच फळ होय.

त्यांच्या धैर्याची खरी कसोटी मात्र सागरावर लागली. त्या काळी हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील मालवाहतूक इंग्रज कंपन्यांच्या मुठीत होती. अशा वेळी शेठ नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह वालचंदांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभारली. ग्वाल्हेर संस्थानाकडून घेतलेले ‘लॉयल्टी’ हे जहाज दि. ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले. हा दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून साजरा होतो.

हे धाडस प्रतिस्पर्ध्यांना रुचले नाही. लॉर्ड इंचकेप यांच्या बलाढ्य कंपनीने भाड्याचे दर इतके पाडले की, नव्या कंपनीस तोटा सोसणे भाग पडले. पुढे कंपनी विकत घेण्याचा प्रस्तावही आला. प्रत्येक फेरीत तोटा होत असताना पैसे पदरात पाडून मोकळे होणे हा व्यवहाराचा सोपा मार्ग होता; परंतु कंपनी विकली असती तर देशी जहाजवाहतुकीचे स्वप्नच बुडाले असते. वालचंदांनी विक्रीस ठाम विरोध केला. अखेर १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. त्यात जहाजांच्या संख्येवर व मार्गांवर जाचक बंधने आली, पण कंपनी टिकली. १९२९ ते १९५० या काळात त्यांनी तिचे अध्यक्षपद भूषविले.

याच जिद्दीने त्यांनी रावळगाव व वालचंदनगरच्या माळरानावर ऊस आणि साखर कारखाने उभे केले. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने बंगलोर येथे विमानाचा कारखाना काढला. महायुद्धामुळे १९४२ मध्ये सरकारने तो आपल्याकडे घेतला. दि. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणम येथील जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसविण्यात आली. तेथे बांधलेल्या ‘जलउषा’ या जहाजाचे जलावतरण पंडित नेहरूंच्या हस्ते मार्च १९४८ मध्ये झाले. मोटारींसाठी त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली.

सन १९४९ मध्ये पक्षाघाताने त्यांना गाठले आणि दि. ८ एप्रिल १९५३ रोजी सिद्धपूर येथे त्यांची प्राणज्योत मालवली. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय त्यांच्या नावाने आजही ज्ञानदान करीत आहे.

नफा-तोट्याचा हिशेब प्रत्येक व्यापारी ठेवतो. त्या हिशेबात देशाचे खाते सर्वांत वर ठेवणारा व्यापारी मात्र विरळा. शेठ वालचंद हे तसे व्यापारी होते. समाजातील तरुणांनी पिढीजात धंद्याची चौकट ओलांडण्याचे त्यांचे धैर्य अंगी बाणविणे, हीच त्यांना खरी आदरांजली ठरेल.